दडवलेले मूल, सांगितलेली गोष्ट

माणदेशात पाण्याचा तोटा नेहमीचाच, पण गोष्टींचा तोटा कधी पडला नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ लिहून ही माळरानावरची माणसे मराठी वाचकाच्या घरात नेऊन बसवली. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’ लिहिले आणि गावकुसाबाहेरचे जगणे गावकुसाच्या आत ऐकू आले. शेजारच्या फलटणमध्ये बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून वह्या लपवून वर्षानुवर्षे लिहिले. ते लेखन आधी ‘स्त्री’ मासिकात आणि मग १९८६ साली ‘जिणं आमचं’ या पुस्तकात आले, तेव्हा दलित स्त्रीला स्वतःच्या आवाजात बोलताना महाराष्ट्राने ऐकले. याच बेबीताईंनी पुढे मुलांसाठी निवासी आश्रमशाळा चालवली, हे आपल्यासारख्या शाळेच्या स्मरणिकेत नोंदवणे उचितच होईल.

एवढ्या साऱ्या गोष्टींमधून एक मूल मात्र सहसा गळते. चालता न येणारे, बोलता न येणारे, वयाच्या मानाने समज कमी असलेले, हाक मारली तरी वळून न बघणारे असे ते मूल. प्रवेशाच्या दिवसांत पालकांशी बोलताना ‘मुले किती?’ असा साधा प्रश्न विचारला, की कधीकधी उत्तर येण्याआधी आई क्षणभर थांबते. ‘दोन’ म्हणते. मग बऱ्याच वेळाने, निघताना, हळूच सांगते, की घरी अजून एक आहे. त्या थांबण्याचा विचार या लेखात करावयाचा आहे. ती आई निर्दय नसते. सांगितलेल्या मुलाचे पुढे काय होईल, याची तिला खात्री नसते. म्हणून अशा मुलांच्या आयांनी जिथे जिथे बोलायचे ठरवले, तिथे काय घडले, हे आम्ही येथे मांडत आहोत.

सुरुवात जरा दूरवरून करू. पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता केइता हा तेराव्या शतकातील राजा. त्याची गाथा तेथील शाहीर, ज्यांना ग्रिओ म्हणतात, पिढ्यानपिढ्या तोंडी सांगत आले आहेत. या गाथेतील सुंजाता जन्माने राजपुत्र आहे खरा, पण सात वर्षांचा होईपर्यंत त्याला चालता येत नाही. तो रांगतो, फारसा बोलत नाही. त्याची आई सोगोलोन हिच्या पाठीला कुबड आहे. म्हणजे दोघेही दरबाराच्या चेष्टेचे विषय. एके दिवशी कालवणात घालायला बाओबाबची पाने हवीत म्हणून सोगोलोन सवतीकडे जाते. माझा मुलगा मला पाने आणून देतो, तुझा मात्र जमिनीवर सरपटतो, अशा अर्थाचे टोचून बोलणे तिला ऐकावे लागते. ती रडत घरी येते. आईचे रडणे पाहून मुलगा लोखंडाचा जाड गज मागवतो, त्याच्या आधाराने उभा राहतो आणि पाने कशाला, सबंध बाओबाबचे झाडच उपटून आईच्या दारात आणून ठेवतो.

ही गाथा आम्हाला दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. एका साम्राज्याने आपल्या मूळपुरुषाचे अपंगत्व लपवले नाही. ते गाथेच्या ऐन मध्यभागी ठेवले आणि त्याच्यासोबत कुबड असलेल्या आईलाही तिथेच बसवले. दुसरे कारण थोडे अडचणीचे आहे. सुंजाता शेवटी चालतो. गाथेला ते आवश्यक होते, कारण त्याला राजा व्हायचे होते. पण आपल्या घरातले मूल कदाचित कधीच चालणार नाही. मग त्याची गोष्ट सांगायची नाही काय? मूल बरे होईल, बोलू लागेल, पदक आणेल, तेव्हाच त्याच्याविषयी बोलू, असे ठरवले तर बहुतेक मुलांची पाळी कधी येणारच नाही.

आजच्या आफ्रिकेतील आयांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. घाना देशातील हाना अवाद्झी या व्यवसायाने पत्रकार. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात आहे. ज्या समाजात अशा मुलांना ‘नदीची मुले’ म्हटले जाते, ती माणसाची नव्हेतच, ज्या पाण्यातून आली तिथेच परत पाठवावीत, असा सल्ला आजही कानावर पडू शकतो, त्या समाजात त्यांनी ‘स्पेशल मदर्स प्रोजेक्ट’ सुरू केला. काम साधेच. अशा मुलांच्या आयांना एकत्र करायचे, त्यांचे अनुभव लिहायचे, छापायचे, बोलायचे. मुलाला खाऊ कसे घालावे लागते, नोकरी कशी सुटते, सासरचे काय म्हणतात, घरमालक का काढून टाकतो. यात चमत्कार कुठेच नाही. रोजचा दिवस जसा आहे तसा सांगितलेला आहे. घानामध्ये अपंग व्यक्तींसाठीचा कायदा २००६ सालचा आहे. पण ज्यांच्यासाठी कायदा करायचा ती मुले घराबाहेर दिसली पाहिजेत, आणि ती दिसावीत यासाठी आधी त्यांच्या आईने तोंड उघडले पाहिजे.

‘नदीची मुले’ हे वाचून आपण आफ्रिकेकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘गेल्या जन्मीचे भोग’ हा शब्दप्रयोग अजून पुरता गेलेला नाही. ग्रहणात काही चिरले होते का, कुणाची नजर लागली का, देवऋष्याला दाखवले का, हे प्रश्न बाळंतिणीला आजही विचारले जातात, आणि उत्तर द्यायचे असते ते नेहमी तिनेच. बापाला कुणी विचारत नाही. आपल्या समाजापुरते बोलायचे तर हा प्रश्न बाबासाहेबांनी निकालात काढला आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी वारशाने मिळते, ही कल्पना तपासून नाकारली आहे. या कल्पनेने दुबळ्याच्या दुःखाची जबाबदारी दुबळ्यावरच ढकलली जाते, हा तिच्यातला दोष त्यांनी अचूक हेरला होता. ज्या घरात हा ग्रंथ आहे, त्या घरात तरी मूल ‘भोग’ म्हणून कोपऱ्यात असू नये.

मग हे होते कशाने? सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच झालेली इजा अथवा मेंदूच्या घडणीत राहिलेला दोष. त्याने शरीराच्या हालचाली आणि तोल बिघडतो. बुद्धीवर परिणाम होतोच असे नाही, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त वेळा चुकीची समजली जाते. स्पष्ट बोलता येत नाही म्हणून समजतही नाही, असे धरले जाते. डाऊन सिंड्रोममध्ये पेशींत एकविसावे गुणसूत्र एक जास्त असते. स्वमग्नतेत मुलाची इतरांशी बोलण्या-वागण्याची रीत निराळी असते. ती आईच्या दुर्लक्षामुळे येते, असे एकेकाळी डॉक्टरदेखील म्हणत. ते पूर्णपणे चुकीचे ठरले आहे. ऐकू न येणारे मूल अनेकदा केवळ ऐकण्याचे यंत्र वेळेवर न मिळाल्याने मुके राहते. यांपैकी कशातही शाप नाही आणि कशावरही अंगारा चालत नाही. लवकर ओळखणे मात्र चालते. मूल वर्षाचे होत आले तरी आधाराशिवाय बसत नसेल, नावाने हाक मारली तर पाहत नसेल, मोठ्या आवाजाने दचकत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणीला येतात. त्या दिवशी नेमके तेच मूल घरी ठेवले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

महाराष्ट्रात आयांनी बोलण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९४४ साली जय वकील आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरच्या पातळीवर जे शिकवणे सुरू केले, त्याची पुढे मोठी शाळा झाली. आजही ती जय वकील यांच्याच नावाने ओळखली जाते. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ सुरू केली. आपल्या अगदी जवळचे उदाहरण फलटणचे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली त्यांनी ही शाळा उभी केली. आज विशेष मुलाला बटण लावायला, चमचा धरायला शिकवणारा जो तज्ज्ञ भेटतो, त्याची परंपरा भारतात येथून सुरू होते. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. माण-खटावकडची किती माणसे त्या शाळेवरून जातात, पण नावामागची ही हकीकत फारशी कुणी सांगत नाही.

आम्हाला अधिक तपशिलात सांगावीशी वाटते ती मिठू अलूर आणि मालिनी चिब या मायलेकींची हकीकत, कारण तिच्यात आईची गोष्ट हळूहळू मुलीची होते. मालिनी यांचा जन्म १९६६ साली कोलकात्यात झाला. जन्मवेळी प्राणवायू कमी पडल्याने त्यांना सेरेब्रल पाल्सी झाली. तेव्हा देशात या मुलांसाठी शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. आईने लंडनला जाऊन विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले आणि परत येऊन १९७२ साली मुंबईत ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. सुरुवात अवघ्या तीन मुलांपासून झाली. चित्रपट अभिनेत्री नर्गिस या कामाच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मेंदूच्या पक्षाघाताचे मूल शिकू शकते, हे तेव्हा लोकांना पटवून द्यावे लागत होते, आणि पटवण्याचे पहिले साधन होते आपल्याच मुलीची हकीकत.

पण मिठूताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि आमच्या मते त्यांच्या कामाचा खरा धडा येथे आहे. घरची गोष्ट सांगत असताना त्यांना सरकारी कागदात एक भोक दिसले. १९७५ साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, ‘सर्व मुलांसाठी’ होती. प्रत्यक्षात अपंग मूल त्या ‘सर्वां’त धरलेच जात नव्हते. लंडन विद्यापीठातील पीएच.डी.साठी त्यांनी याच विषयावर संशोधन केले आणि नंतर आलेल्या पुस्तकाला नाव दिले ‘इनव्हिजिबल चिल्ड्रन’, अर्थात अदृश्य मुले. एका मुलीची आई म्हणून सुरू झालेले बोलणे असे देशाच्या धोरणापर्यंत जाऊन पोहोचले. बहुतेक भावनिक लेखन आईच्या अश्रूंपाशी थांबते आणि वाचकही दोन थेंब गाळून मोकळा होतो. येथे तसे झाले नाही.

मालिनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, पुढे लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले, पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली. २०१० साली त्यांचे आत्मकथन ‘वन लिटल फिंगर’ प्रसिद्ध झाले. एकाच बोटाने टंकलेखन करून लिहिलेले म्हणून हे नाव. त्यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन त्यांच्या नात्यातील दिग्दर्शिका शोनाली बोस यांनी २०१४ साली ‘मार्गारिता विथ अ स्ट्रॉ’ हा चित्रपट केला. आईने मुलीसाठी बोलायला सुरुवात केली होती. पुढे मुलगी स्वतःच बोलू लागली, आणि आईने न सांगितलेल्या, तरुण मुलीच्या मनातल्या गोष्टीही तिने सांगितल्या.

मराठी रंगभूमीने आणि पडद्यानेही ही मुले पाहिली आहेत. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आई-बापांची घुसमट इतक्या स्पष्टपणे आली, की प्रेक्षकांना अवघडल्यासारखे झाले. ते अवघडणे आवश्यकच होते. १९९१ च्या ‘चौकट राजा’तील नंदू घराघरांत पोहोचला. दिलीप प्रभावळकरांचा तो अभिनय विसरता येत नाही. तरीही या दोन्ही ठिकाणी ते मूल दुसऱ्या कुणीतरी उभे केले होते. २०१४ च्या ‘यलो’ चित्रपटात पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका स्वतः केली. डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी पडद्यावर आपलीच गोष्ट जगते आहे आणि मृणाल कुलकर्णी तिच्या आईच्या भूमिकेत तिच्यामागे उभ्या आहेत, हे दृश्य मराठीला नवे होते. राष्ट्रीय पुरस्कारांत गौरीच्या कामाची विशेष दखल घेतली गेली.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे भाग आहे. आईने गोष्ट सांगावी, पण कोणती? हल्ली मुलाला झटका आलेला असताना, कपडे बदलताना, जेवण अंगावर सांडलेले असताना मोबाइलवर चित्रफीत काढून मदत मागण्याची रीत पडू लागली आहे. गरज खरी असते. पण ते मूल उद्या मोठे होईल, वाचायला शिकेल किंवा त्याची भावंडे शिकतील, आणि ती चित्रफीत कुठेतरी तशीच असेल. जी गोष्ट मुलाच्या समोर, त्याच्याकडे पाहत सांगता येते, ती सांगावी. आपल्या समाजाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. ‘बिचारे’ म्हणून घेतलेली कीव आणि हक्क म्हणून मिळालेली वस्तू यांतले अंतर आपल्या आजोबांनी अनुभवले आहे.

शाळेच्या दृष्टीने विचार करताना आम्हाला बौद्ध वाङ्मयातील चूळपंथकाची कथा फार उपयोगी वाटते. त्याची आई राजगृहाच्या श्रीमंत घरातली. घरच्या सेवकासोबत निघून गेलेली. दोन्ही बाळंतपणांत ती माहेरी जायला निघाली आणि दोन्ही मुले वाटेतच जन्मली, म्हणून नावे पंथक, म्हणजे वाटेवरचे. मेंढरांमागे फिरणाऱ्या आपल्याकडच्या आयांना हे नवल वाटणार नाही. मुलांनी आजोळाविषयी सारखे विचारले, तेव्हा आईने आपली हकीकत त्यांना सांगितली आणि मुले आजोबांकडे गेली. पुढे थोरला भाऊ भिक्खू झाला, धाकट्यालाही त्याने संघात आणले. पण धाकट्याला चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना. भावाने त्याला निघून जायला सांगितले. दाराशी रडत उभ्या असलेल्या त्या मुलाला तथागतांनी पाहिले. गाथा बाजूला ठेवली. हातात स्वच्छ पांढरे कापड दिले, ते चोळत राहायला आणि मळ निघून जाण्याविषयीचा एकच छोटा शब्द म्हणत राहायला सांगितले. चोळता चोळता कापड मळले, आणि जे पाठांतराने कळले नव्हते ते हाताने कळले. मूल बदलले नव्हते, अभ्यास बदलला होता. शिक्षणशास्त्रात आज ज्याला अनुकूलित अभ्यासक्रम म्हणतात, त्याहून ही गोष्ट निराळी नाही. भाऊ वाईट नव्हता, हेही लक्षात घ्यावे. त्याच्याकडे शिकवण्याची एकच पद्धत होती.

आता कायद्याकडे येऊ. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल, अध्ययन अक्षमता हे त्यात आले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या मुलाला वयाच्या सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. अतितीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर शिक्षण घरी येण्याचीही तरतूद आहे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ‘आमच्यानंतर याचे कोण?’ या आई-बापांच्या प्रश्नासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीस वयाच्या अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून देणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते.

हे सारे मिळण्यासाठी मूल आधी मोजले जावे लागते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. पण प्रगणक दारात उभा राहून विचारतो, आणि घरातून जे सांगितले जाते तेच लिहितो. प्रवेशाच्या वेळी जी आई थांबते, तीच प्रगणकापुढेही थांबत असेल, तर तो आकडा किती खरा मानायचा? गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेली आणि मेंढरांमागे हिंडणारी आपल्याकडची कुटुंबे तर नोंदीतून आणखी सहज निसटतात.

माण तालुक्यात बोलण्यासाठी जागा नाही, असेही नाही. म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. गावोगावच्या बाया तिथे ओव्या म्हणतात, शेतीचे सांगतात. विशेष मुलाच्या आईने तिथे दहा मिनिटे बोलायला काही हरकत नाही. बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर, महिला मंडळात, वर्षावासाच्या ग्रंथवाचनात एखाद्या आईला विचारता येईल. तिने काय सांगावे हे ठरवून देऊ नये. ‘तुमचे मूल दिवसभर काय करते?’ एवढेच विचारावे आणि मध्ये बोलू नये. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, वकील आहेत, त्यांना तिच्या बोलण्यात आपल्या कामाचा धागा आपोआप दिसेल.

पुढल्या जूनमध्ये प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांना एक विनंती आहे. घरात असे मूल असेल, मग ते आमच्या शाळेत यायचे असो वा नसो, तर त्याच्या नावाची एक वही सोबत आणावी. जन्म कुठे झाला, रडायला वेळ लागला का, मान कधी धरली, बसले कधी, काय खाते, कशाला घाबरते, कोणत्या आवाजाने हसते, हे तिच्यात आईने स्वतः लिहिलेले असावे. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे शिकणाऱ्या तिच्याच मुलीने किंवा मुलाने लिहून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी डॉक्टर हेच प्रश्न विचारतात. दिव्यांग ओळखपत्राच्या अर्जासाठी आधारकार्ड, छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. कागदपत्रे भरून देण्याचे काम शाळेच्या कार्यालयात करता येईल. वही मात्र घरूनच आणावी लागेल.